साखरसरांचा सदरा

गणपतीची आरती संपत आली आणि तबकातला कापूर पेटला, की आमच्या गल्लीत दरवर्षी एक आवाज यायचा, "माझे पेशंट मागं सरा!" आणि खरंच, टाळ्या वाजवता वाजवता निम्मी गल्ली मागं सरायची. नव्यानं राहायला आलेल्या माणसाला वाटायचं, ह्या लोकांचं देवाशी काही बिनसलंय की काय! पण कापराच्या वासानं होमिओपॅथीच्या औषधाचा गुण जातो, असं साखरसरांचं म्हणणं होतं आणि सरांच्या म्हणण्याबाहेर गल्ली नव्हती. कोण मागं सरतंय ते बघून कुणाच्या घरी कसलं दुखणं आहे ते कळायचं. माझी आई तर सगळ्यांत मागं, पार आमच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर जाऊन तिथनं हात जोडायची.

सर हायस्कूलला भूगोल शिकवायचे. मलाही त्यांनीच शिकवला, आणि सह्याद्रीच्या घाटांची नावं मी आजही झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवीन. निवृत्त झाल्यावर त्यांनी होमिओपॅथीची जाडजाड पुस्तकं आणली, बाटल्यांची पेटी आणली आणि आमच्या गिरणीसमोरच्या त्यांच्या ओसरीवजा सोप्यात बसून लोकांना औषध द्यायला सुरुवात केली. डिग्री नव्हती, पण फीही नव्हती. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या देतात म्हणून पोरांनी नाव पाडलं साखरसर, आणि पुढं त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडून सगळे विसरले. अंगात कायम पांढरा, कडक इस्त्रीचा लांब बाह्यांचा सदरा. मे महिन्यातसुद्धा गळ्याचं बटण लावलेलं. समोर राहून मी त्यांना कधी नुसत्या बनियनवर बघितलं नाही. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "आंघोळीलाबी सदरा घालून जातील, यांचा नेम न्हाय."

सरांची तपासणी म्हणजे एक प्रकरणच होतं. नाडी नाही, नळी नाही, नुसते प्रश्न. झोपताना कुठल्या कुशीवर झोपता? तहान लागते का? रडू येतं तेव्हा कुणी जवळ असलेलं आवडतं का? एकदा एका दूधवाल्याला त्यांनी विचारलं, "स्वप्नात काय दिसतं?"

"म्हस दिसती की."

"कशी दिसते?"

"काळीच. आनि कशी दिसंल?"

"तसं नव्हे. तुमच्याकडं बघत असते, की तोंड पलीकडं असतं?"

रांगेतल्या माणसांवर हसून हसून लोळायची वेळ आली. मी गिरणी बंद करून ऐकत होते. पण सर हसले नाहीत. त्यांनी खरंच ते लिहून घेतलं आणि पुस्तक उघडून अर्धा तास शोधत बसले. लोक यायचे ते ह्यासाठी. मोठ्या दवाखान्यात मान वर करून कुणी बघत नाही, आणि इथं हा माणूस म्हशीचं तोंड कुठं होतं ते विचारतो! माझी आई पहिल्यांदा त्यांच्याकडं जाऊन आली, तेव्हा चूल पेटवायची सोडून बसून राहिली आणि म्हणाली, "मला येवढं कुनी इचारलंच न्हवतं गं. तुझ्या बाबानं सुदिक."

आईला पित्ताच्या पिशवीत खडे होते. सोनोग्राफीत चांगले हरभऱ्याएवढे दिसले. डॉक्टरनी सांगितलं, पिशवी काढून टाका. आईनं ते कागद कापडी पिशवीत कोंबले आणि तडक सरांचा सोपा गाठला. पित्ताचे खडे म्हणजे सरांचा खास विषय. कागल, पेठ वडगाव, पन्हाळा, कुठनं कुठनं लोक यायचे. सर त्यांना कोमट पाण्यातनं घ्यायचे थेंब द्यायचे आणि वर एक वाक्य द्यायचे, तेही फुकट, "देवानं शिवलेलं माणसानं उसवू नये." हे वाक्य आमच्या गल्लीत इतकं चाललं, की शेजारच्या वहिनींनी जुनी गोधडीसुद्धा उसवायची सोडून दिली होती.

थेंबांबरोबर पथ्य होतं. कच्चा कांदा बंद, कॉफी बंद, कापूर तर बंदच, आणि तांबडा नाही, पांढरा नाही, मिसळीवरचा कट नाही, तळलेलं काही नाही. कोल्हापूरच्या माणसाला रस्सा सोड म्हणणं म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. पण आईनं सोडला. आणि कळ थांबली! सहा-सात महिने तिच्या पोटात चमक म्हणून आली नाही. आई गिरणीत येईल त्याला सांगायची, "सुरीबिरी काय नको. सरांकडं जावा." खोटं कशाला बोलू, मलाही पटलं होतं. डोळ्यांदेखत माणूस बरं झालेलं दिसत होतं.

मग एकदा हळदीकुंकवाला आईनं दोन भजी खाल्ली आणि संध्याकाळी पोट धरून बसली. सर आले, खुर्ची ओढून बसले आणि पहिलाच प्रश्न, "वहिनी, काय खाल्लंत?"

"भजं खाल्लं वं. दोनच."

"मग!" सर म्हणाले.

आई ओशाळली. गृहपाठ न केलेली पोर उभी राहावी तशी माझी आई स्वतःच्या घरात मान खाली घालून बसली होती. गुण आला तर तो औषधाचा आणि कळ आली तर ती भज्याची, असा तो हिशेब होता. माझं डोकं तेव्हा पहिल्यांदा फिरलं. पण सरांना उलट बोलायचं म्हणजे वर्गात उभं राहून बोलायचं. गिरणीच्या घरघरीवर ओरडून ओरडून माझा आवाज असला झालाय, की अख्ख्या पेठेत मला कुणी वाकडं बोलत नाही. तरी त्या दिवशी माझ्या तोंडातनं अक्षर फुटलं नाही.

कळा वाढत चालल्या. नेमके त्याच सुमारास सर बेळगावला मुलीकडं गेले. तसं काकूंनी सांगितलं होतं. मी आईचे कागद घेतले आणि तिला न सांगता मिरजेला एका सर्जनना दाखवायला गेले. त्यांनी विचारलं, "पेशंट कुठाय?" मी म्हटलं, येत नाही, आमच्याकडचे सर थेंब देतात, मध्ये कळ थांबलीही होती.

"तेलकट, तुपकट बंद केलंय का?"

"हो."

"मग थांबणारच. तेलकट बंद केलं की पिशवी गप्प बसते. खडा आहे तिथंच असतो. तो नळीत उतरला तर कावीळ होईल, ताप येईल, आणि मग धावपळ करावी लागेल. घेऊन या त्यांना."

म्हणजे आमचा रस्सा सुटला होता, त्याचं श्रेय थेंबांना मिळत होतं. एवढी साधी गोष्ट! मी तिरीमिरीत बाहेर आले. वॉर्डासमोरनं जाताना ओळखीचा आवाज कानावर आला, "जरा सरळ चाला की." बघते तर काकू. आणि काकूंच्या खांद्यावर हात टाकून संडासाकडं निघालेले साखरसर. अंगात दवाखान्याचा तो हिरवा झगा, पाठीमागं नाड्या असतात तो. नाड्या सुटल्या होत्या आणि सर एका हातानं तो मागनं मिटून धरत होते.

आम्ही समोरासमोर आलो. सर जागच्या जागी थांबले. "मंगल? तू इथं कुठं?" आणि मी विचारायच्या आतच म्हणाले, "हर्निया. हर्नियाचं जरा होतं."

"कसला हर्निया!" काकू म्हणाल्या. "पित्ताची पिशवी काढली परवा. खड्यांनी भरलेली."

सरांनी तोंड भिंतीकडं केलं. मला अशी लाज वाटली म्हणून सांगू! उघडे पडले ते, आणि मान खाली गेली माझी. ज्या माणसानं मला नकाशात नद्या भरायला शिकवल्या, त्याला मी असं बघायला नको होतं. मी पायांतल्या चपलेकडं बघत उभी राहिले.

काकूंनी बाजूला नेऊन सांगितलं. सरांचे थोरले भाऊ तरणेताठे असताना ऑपरेशनच्या टेबलावरच दगावले होते, तेव्हापासून सुरी म्हटलं की ह्यांना घाम फुटायचा. "सोता तेच थेंब घेत होते गं, दोन वर्सं. भाचीच्या लग्नात पांढरा रस्सा प्याले वाटीवर वाटी. घरी यीस्तवर लोळाय लागले. आनि मग सोताच म्हनले, काढा, काय काढायचं त्ये काढा. मला कळंना, हसू का रडू. त्यांची भीती त्यांच्यापाशी ऱ्हायली असती तर एक येळ चाललं असतं. सगळ्या गल्लीला वाटत बसले."

मी निघाले, तेव्हा सरांनी भिंतीकडं तोंड ठेवूनच हाक मारली. "मंगे, गल्लीत बोलू नकोस. माझं मी सांगीन. एवढं कर माझ्यासाठी."

गल्लीत मी बोलले नाही. पण आईला कसं सांगायचं नाही? घरी आल्या आल्या सांगितलं. आईनं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "सर बेळगावला हायत."

"आई, मी ह्या डोळ्यांनी बघितलं."

"मला टेबलावर झोपवायचं म्हनून देवमानसावर आळ घेतीस व्हय? लाज वाटती का न्हाय तुला?"

झालं. आता आईला दवाखान्यात घालू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो बेळगावचा कुंदा घेऊन परत आला. हो, कुंदा! गल्लीत वाटलासुद्धा. कुणाला आणायला पाठवलं होतं कोण जाणे. सर पुन्हा सोप्यात बसले, पुन्हा रांग लागली. आई गेली तर म्हणाले, "थेंब चालू राहू देत. बघू." मी गिरणीच्या दारातनं त्यांच्याकडं एकटक बघत होते. पट्टा फिरत होता, पीठ उतू जात होतं, गिऱ्हाईक ओरडत होतं. सरांनी एकदासुद्धा रस्त्याच्या ह्या बाजूला नजर टाकली नाही. आज सांगतील, उद्या सांगतील म्हणून मी वाट बघत राहिले.

मग एका सकाळी आईला हुडहुडी भरून ताप आला. पांघरूण टाकायला गेले तर डोळे हळदीसारखे पिवळे. मी रिक्षा बोलावली. आई खाटेची कड धरून बसली, "सरांना इचारल्याबिगर म्या न्हाय जायाची." ओढू म्हटलं तर अंगात वारं भरल्यासारखी ताकद आलेली. मी पळत रस्ता ओलांडला. सोप्यात सात-आठ माणसं बसली होती.

"सर," मी म्हटलं, आणि ह्या वेळी माझा गिरणीतला आवाज लागला, "आईचे डोळे पिवळे झालेत, ताप चढलाय. रिक्षा दारात उभी आहे. तुम्ही म्हटल्याशिवाय ती पाय उचलायची नाही."

बाकी मी काही बोलले नाही. शप्पथ. सरांच्या हातात बाटलीचं झाकण होतं, त्यातल्या गोळ्या घरंगळून खाली पडल्या. ते उठले. त्यांच्यामागनं रांगही उठली, कारण आमच्याकडं कुणी उठून चाललं की काय झालं ते बघायला चार माणसं जाणारच. सर आईच्या खाटेसमोर उभे राहिले. "वहिनी," म्हणाले, आणि अडकले. परत म्हणाले, "वहिनी." मग त्यांनी सदऱ्याची बटणं काढायला घेतली. घाईत एक बटण तुटून खाली पडलं. सदरा आणि आतलं बनियन दोन्ही हातांनी छातीपर्यंत वर उचलून ते उभे राहिले. गोरंपान, ढिलं पडलेलं म्हातारं पोट, आणि त्यावर दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या चार जखमा. एकीवर अजून पट्टी होती.

"मी उसवून आलोय," सर म्हणाले. "तुम्ही पण जावा. वेळ घालवू नका."

दारात सगळी रांग उभी होती. आई त्या पोटाकडं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "झाका वं सर. पोरीबाळी हायत." आणि पदर खोचून उठली, "रिक्षा कुठं हाय गं?"

नळीतला खडा आधी काढावा लागला आणि पिशवी नंतर. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. सर रोज यायचे, वॉर्डच्या दारापर्यंत. आत यायचे नाहीत. मी "या की" म्हटलं, की "नको, असू दे" म्हणून परत फिरायचे.

गल्ली काय, गल्लीच ती. गिरणीत दळणाच्या रांगेत लोक त्यांना दुर्बीणसर म्हणायला लागले. मी दोघांतिघांना दळण न देता घालवलं, तेव्हा निदान माझ्यासमोर बंद झालं. सरांनी पेटी उघडली आणि सगळ्या गोळ्या परसात ओतल्या. मुंग्यांची ही रांग लागली. सर म्हणाले, "बघू, ह्यांना तरी काय गुण येतोय." हसले, पण डोळे हसले नाहीत. पूर्वी रस्त्याच्या मधनं ताठ चालायचे, आता गटारीच्या कडंकडंनं चालायला लागले. त्या वर्षी आरतीला कापूर पेटला, हाक आली नाही. पण पायांना सवय होती, लोक आपोआप मागं सरले. सर एका खांबाआड उभे होते. तबक घेऊन मीच त्यांच्यापुढं गेले.

एके दिवशी ते गिरणीत आले आणि म्हणाले, "मंगे, मला तुझ्या गाडीवरनं जरा फिरवशील? ज्यांना ज्यांना खड्यांवर थेंब दिलेत, त्यांच्या घरी जायचंय." सगळी नावं त्यांना पाठ होती. मग रविवार आला की गिरणीला सुट्टी, आणि माझ्या स्कूटरवर मागं सर. दारात जायचं, नमस्कार करायचा, सदरा वर करायचा आणि सांगायचं, "मी काढून घेतली. तुम्ही पण डॉक्टरला दाखवा." कुणी चहा दिला, कुणी खो खो हसलं. वडगावात एका बाईनं तर दारातच शिव्यांची लाखोली वाहिली, माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी बोलणार तोच सरांनी हात धरला. "बोलू दे. त्यांचा हक्क आहे."

शेवटचं घर कागलचं. रफीक म्हणून सरांचा जुना विद्यार्थी, गाद्या भरायचं दुकान. त्याची बायको शमीम वर्षभर सरांचे थेंब घेत होती. आम्हाला बघून रफीक पळतच बाहेर आला, कापसानं माखलेल्या हातांनीच सरांच्या पाया पडला. "सर, तुमी आला? माझ्या घरी?" नव्या गादीवर बसवलं, पोराला चहाला पिटाळलं.

"शमीम कुठाय?" सरांनी विचारलं.

"ती गेली की सर. दिवाळीच्या आदीच. खडा कुठंतरी अडकला, आतनं सूज आली म्हनले. लई पिवळी पडलती. डॉक्टरनी आदीच काढा म्हनून सांगितलतं, पर ती म्हनायची, सरांनी न्हाय म्हनलंय." रफीकनं डोळे पुसले. "पर सर, तुमचे लई उपकार हायत. येवढं मायेनं कुनी इचारलं न्हाई तिला. शेवटपर्यंत उशाला तुमचीच बाटली हुती."

चहा आला. सरांनी बशीत ओतला. त्यांचा दुसरा हात सदऱ्याच्या खालच्या टोकाशी गेलेला मी बघितला. तिथंच मुठीत ते टोक धरून ते बसून राहिले. मी त्यांच्याकडं बघत होते, ते बशीकडं बघत होते. चहा संपला. रफीकनं निघताना त्यांच्या हातात एक छोटी उशी दिली, पाठीला घ्यायला. सरांनी घेतली.

हायवेला लागल्यावर मागनं आवाज आला, "मंगे, तिथं मला सदरा वर करता आला नाही." मी गाडी चालवत राहिले. मीही तो चहा प्यालेच होते. थोड्या वेळानं म्हणाले, "पुढच्या रविवारी परत येऊ." पुढच्या रविवारी त्यांची पाठ दुखत होती. नंतर माझी गाडी बिघडली. आम्ही परत काही गेलो नाही, आणि दोघांनीही पुन्हा कागलचं नाव काढलं नाही.

सर गेल्या वर्षी झोपेतच गेले. शोकसभा हायस्कूलच्या हॉलमध्ये होती. मी आईला घेऊन गेले होते. आई आता ठणठणीत आहे, पांढरा रस्सासुद्धा बेतानं पिते. फोटोला हार घालून एकेक जण बोलत होता. मागनं रफीक उठला, कागलहून मुद्दाम आलेला. माईक हातात धरून म्हणाला, "सरांनी माझ्या बायकोला बरं करायसाठी शेवटपर्यंत औषध दिलं. स्वतः घरी भेटायला आले. असा मानूस परत व्हनार न्हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या काकू मात्र मान खाली घालून बसल्या होत्या.

सभा सुटल्यावर रफीक आमच्याकडं आला. शमीमला घेऊन सोप्यात यायचा, तेव्हा रांगेत आई त्याला भेटायची. आईला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "मावशी, तुमी पन सरांच्याच पेशंट न्हवं? तुमचं पन खड्याचंच हुतं ना? बरं हाय ना आता? सरांच्याच औषधानं?"

मी तोंड उघडलं. माझा तो अख्ख्या पेठेला ऐकू जाणारा आवाज कुठं गेला होता देव जाणे.

आईनं पदर ओढून पोटावर घट्ट गुंडाळून घेतला आणि म्हणाली, "व्हय बाबा. बरं हाय."